व्हरांड्यातलं गुलालाचं पोतं

कोल्हापुरात माणूस फुटबॉल शिकत नाही, तो घेऊनच जन्माला येतो. बारशाला आलेल्या बायकासुद्धा पाळण्यात डोकावून "डाव्या पायाचा दिसतोय गं" असं सांगून घुगऱ्या खायला बसतात. अशा गावात, तेही मंगळवार पेठेत राहून, प्रा. जिनपाल मगदूम यांना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत ऑफसाईड म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यांचा विषय सहकार. बावीस वर्षं त्यांनी मुलांना सहकाराची तत्त्वं लिहून दिली होती, आणि बावीस वर्षं मुलांनी ती परीक्षेत लिहून परत केली होती.

लहानपणी पेठेतली पोरं खेळायला निघाली की जिनपालही मागोमाग जायचा. पण त्याला कुणी संघात घेत नसे. "ए जिन्या, तू चपला राख," असं सांगून बावीस चपलांचे जोड त्याच्यासमोर काढून ठेवत. त्यानंही ते काम इतकं चोख केलं की पाच वर्षांत एका चपलेचा अंगठासुद्धा हरवला नाही. म्हणजे फुटबॉलशी सरांचा संबंध नव्हता असं म्हणता येणार नाही. संबंध होता, फक्त पायाच्या बाहेरून होता.

२००९ सालचा ऑगस्ट. पुण्यात स्वाइन फ्लू आला होता, आणि पुण्याहून येणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला शहाणं करायलाच येते अशी खात्री असलेलं कोल्हापूर सावध झालं होतं. कॉलेजचे खेळाचे सर एका शिबिरासाठी पुण्याला गेले, शिंकत परत आले आणि सात दिवस घरी बसले. तो आराम त्यांना इतका मानवला की त्यांनी आणखी सात दिवस मागून घेतले.

प्राचार्य सबनीस यांनी बैठक बोलावली. हे मूळचे नाशिकचे, पांढरा सफारी घालणारे आणि मैदान म्हणजे न वापरलेली जागा असं मानणारे गृहस्थ.

"फुटबॉल संघ कोण सांभाळणार?" त्यांनी विचारलं.

एकदम सगळी बैठक खोकली. इतिहास खोकला, भूगोल खोकला, मराठीच्या बाईंना तर उबळच आली. त्या दिवसांत खोकला म्हणजे सात दिवसांची भरपगारी रजा, हे पहिल्या आठवड्यातच सर्वांना कळलं होतं. मगदूम सर तेवढे खोकले नाहीत. एक तर ते खोटं बोलत नसत, आणि दुसरं म्हणजे ते खिडकीबाहेर बघत होते.

"ठरलं तर, मगदूम!" प्राचार्य म्हणाले. "आणि हे बघा. मागचं मैदान मला गाड्या लावायला हवंय. पण संघ आहे म्हणून लोक ओरडतात. यंदा सहा सामने आहेत. एक, फक्त एक जिंकून दाखवा, मैदान राहील. नाही तर दिवाळीनंतर तिथं पत्र्याची शेड. तुम्हाला काय, फारसं मनाला लावून घेऊ नका."

मगदूम सरांनी खरंच मनाला लावून घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते नुसते बघायला म्हणून मैदानावर गेले. पोरांनी त्यांना नमस्कार केला, चपला काढल्या, बूट चढवले आणि कप्तान ज्ञानू सहज म्हणाला, "सर, तेवढं बघा हं चपलांकडं." आणि काय झालं कुणास ठाऊक, सर खाली बसले. चपलांचे जोड ओळीनं लावले. समोर पोरं धावत होती, धूळ उडत होती, आणि सरांच्या छातीत चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी हललं. इथं पत्र्याची शेड? त्यांना एकदम रागच आला.

घरी पोचेपर्यंत बातमी पेठभर झाली होती. शेजारचे रुद्राप्पा कोरे फाटकातच उभे. रुद्राप्पा गुळाचे व्यापारी, वय बहात्तर. कॉलेजच्या पहिल्यावहिल्या संघाचे गोलरक्षक. त्यांचा नातू अमरेश याच संघात पुढं खेळायचा.

"मगदूम सर, एक सामना तर आपण झोपंत जिंकतोय की हो!" असं म्हणून त्यांनी हातगाडीवरून एक पोतं उतरवलं. "गुलाल हाय. पंचवीस किलो. आमच्यात ठेवला तर आमची बायकू गंगव्वा माझ्यासकट बाहेर काढंल. तुमच्या व्हरांड्यात असू दे. जिंकलो की फोडायचं."

"अहो पण आधी जिंकू तर द्या!"

"गुलाल आधी आनला की जिंकतंय मानूस. मागनं आनायचा आसतोय तो नारळ."

हे कुठलं शास्त्र, हे विचारायची सरांची हिंमत झाली नाही. पोतं व्हरांड्यात बसलं.

पहिल्या सामन्याला प्राचार्यांचं पत्रक आलं की सर्व खेळाडूंनी तोंडाला मास्क लावूनच खेळावं. पोरांनी लावले. दहा मिनिटांत एकेकाची जीभ मास्कच्या आत बाहेर यायला लागली. पंचांनी शिट्टी मास्कच्या आतच ठेवली होती, त्यामुळे ती फक्त त्यांनाच ऐकू येत होती. ते बिचारे फुंकत होते आणि पोरं खेळतच होती. आकाराम हा आपला गोलरक्षक. त्यानं उंच उडी मारली आणि मास्क नाकावरून सरकून डोळ्यांवर गेला. नंतरचे तीन गोल त्यानं पाहिलेच नाहीत. पाच-शून्य.

"पोरांच्यात दम न्हाय," असं निदान समोरच्या आक्कांनी केलं. पेठेत त्यांना सगळे आक्काच म्हणत. त्यांचं स्वतःचं नाव त्यांनाही आठवत नसावं. आक्कांनी त्याच दिवशी मलमलीच्या पंधरा पुरचुंड्या शिवल्या. आत कापूर, वेलदोडा, लवंग आणि वर निलगिरीचं तेल, हात न आखडता. "गळ्यात बांधा म्हणावं. फ्लूबी पळतोय आनि पोरंबी पळत्यात."

पण दुसऱ्या सामन्याआधी सरकारी भानगड उपटली. स्पर्धेच्या कार्यालयानं कळवलं की प्रत्येक खेळाडूला ताप नसल्याचा दाखला हवा. सर पंधरा पोरं घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या कारकुनानं चष्मा वर केला.

"ताप हाय का?"

"नाही. म्हणूनच आलोय."

"मग मिळनार न्हाय. आमच्याकडं ताप आसल्याचा दाखला हाय. नसल्याचा छापलेला न्हाय."

"अहो, पण नाही हेच लिहून द्यायचंय."

"पावणं, जे न्हाय ते मी लिवून कसं देऊ? उद्या चौकशी झाली तर दाखवू काय?"

या प्रश्नाला सहकारशास्त्रात उत्तर नव्हतं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी दाखले द्यायचं कबूल केलं, पण ओळीत उभं राहून. ओळ तापाच्या रुग्णांची. साडेतीन तास पोरं खोकणाऱ्या माणसांच्या मधोमध उभी राहिली, आणि ताप नसल्याचे पंधरा दाखले घेऊन निघाली तेव्हा त्यातल्या दोघांना ताप भरला होता. उरलेली तेरा पोरं गळ्यात पुरचुंड्या बांधून खेळली. निलगिरीनं डोळ्यांना अशा धारा लागल्या की प्रेक्षकांना वाटलं, हरायच्या आधीच रडायला लागलीत. चार-शून्य.

तिसऱ्या सामन्याची कथा पोत्यातून सुरू होते. गुलालाच्या पोत्याला उंदरानं बारीक भोक पाडलं. वारा आला की व्हरांड्यातून गुलाबी झुळूक घरात शिरे आणि घर शिंकायला लागे. सर शिंकत, त्यांच्या पत्नी स्नेहलताई शिंकत, आणि सरांच्या मातोश्री रत्नाबाई तर एकदा सुरू झाल्या की मोजून अकरा शिंकत. नेमक्या त्याच वेळी घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका दारात आल्या.

"किती जण शिंकताय?"

"तिघंही," स्नेहलताई म्हणाल्या, "पण तो गुलाल आहे हो!"

"सगळेच कायतरी सांगतात. परवा एक जण म्हणाला, मिरचीची फोडणी हाय." असं म्हणून त्यांनी दाराला कागद चिकटवला. सात दिवस घराबाहेर पडायचं नाही.

सरांचा पेठेतला मान त्या एका कागदानं धुळीला मिळाला. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला. आक्का खिडकीतून "काळजी करू नका हो" असं ओरडत आणि लगेच खिडकी लावून घेत. स्नेहलताई सरांशी चार दिवस फक्त शिंकांपुरतं बोलल्या. पण सरांना चिंता सामन्याची. त्यांनी आपला मोबाईल एका राखीव खेळाडूकडं पाठवला आणि स्वतः स्नेहलताईंचा घेऊन, फोनवरच्या गलक्यावरून अंदाज बांधत, गच्चीवर उभं राहून सूचना देऊ लागले. ऑफसाईड त्यांना एव्हाना कळलं होतं. रुद्राप्पांनी फाटकाच्या पलीकडं उभं राहून, रस्त्यावर गुळाच्या ढेपा मांडून ते समजावलं होतं.

"डावीकडचा मोकळा आहे! अमरेशला मधे घ्या! आकारामला सांग, पुढं येऊ नको!" सर तासभर गच्चीवरून ओरडत होते. पलीकडून "व्हय सर, सांगतो सर" असं अदबीनं उत्तर येत होतं. संध्याकाळी कळलं की राखीव पोराला दहाव्या मिनिटालाच मैदानात जावं लागलं होतं, आणि जाताना त्यानं फोन शेजारी बसलेल्या एका भल्या माणसाकडं दिला होता. तो भला माणूस समोरच्या संघाचा प्रशिक्षक होता. तीन-शून्य.

चौथा सामना दोन-शून्य हरलो, पाचवा एक-शून्य. (हरलो असं मी म्हणतोय, कारण एव्हाना अख्खी पेठच 'आपण हरलो' म्हणायला लागली होती, मग मी एकट्यानं काय घोडं मारलंय?) पाचव्या सामन्यात अमरेशचा फटका खांबाला लागून परत आला. हंगामात गोलाच्या इतक्या जवळ आपण पहिल्यांदाच गेलो होतो. त्या खांबाला रुद्राप्पा सामन्यानंतर हात लावून आले.

सरांनी वर्गातल्या फळ्यावर आलेख काढला. पाच, चार, तीन, दोन, एक. "याच गतीनं सहाव्या सामन्यात शून्य!" ते आनंदानं म्हणाले. मागच्या बाकावरून ज्ञानू उठला. "आनि सातव्यात जिंकतोय, सर. पन सातवा हायच कुठं?"

सरांनी डस्टर घेऊन आलेख पुसून टाकला. एकच सामना उरला होता आणि तो जिंकलाच पाहिजे होता.

सहावा सामना आपल्याच मैदानावर होता. सर सकाळी जैन बसदीत जाऊन देवाचं दर्शन घेऊन आले. मैदानावर प्राचार्य आधीच हजर. सोबत एक माणूस फीत घेऊन शेडचं माप घेत होता. सरांना ते बघवेना, पण फीत धरायला दुसरं माणूस नव्हतं म्हणून तिचं टोक त्यांनीच धरलं. सभ्यपणा माणसाला कुठं नेईल सांगता येत नाही.

वेळ झाली. समोरचा संघ आला. एक, दोन, तीन... सहा. बाकीची पोरं तापानं अंथरुणात. ही सहा पोरं गडमुडशिंगीहून सायकली मारत आली होती. त्यांचा कप्तान शिवप्रसाद घाम पुसत पुढं आला.

पंचांनी घड्याळ पाहिलं. "नियमानं सात तरी पायजेत. पंधरा मिनटं थांबू. न्हाय आले तर मगदूम सर, तुमचा संघ जिंकला. इथं सही करा."

जिंकला! सरांना शब्द नीट ऐकू आला तरी खरा वाटेना. पेठेतून जमलेली पाचपन्नास माणसं उभी राहिली. प्राचार्यांनी फीतवाल्याला थांबायची खूण केली. पंधरा मिनिटं गेली, सातवा कुणी आला नाही. सरांनी पेन काढलं, टोपण उघडलं. एक सही, आणि मैदान वाचलं.

"करा सर," शिवप्रसाद म्हणाला. "आमची काय तक्रार न्हाय. फक्त... खेळायला मिळालं आसतं तर बरं झालं आसतं. एवढ्या लांबनं आलतो."

आणि ती सहा पोरं मैदानाच्या कडेला जाऊन बसली. आपल्या पोरांच्या चपलांशेजारी. मैदानाकडं बघत.

सरांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथंच थांबलं. ती बसण्याची तऱ्हा त्यांना पाठ होती. लहानपणी पाच वर्षं ते स्वतः तसेच बसले होते. त्यांनी ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानू जमिनीकडं बघत होता. एकाही पोराच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं.

"सर," ज्ञानू पुटपुटला, "ह्यो गुलाल अंगाला लागायचा न्हाय बगा."

तेवढ्यात रुद्राप्पा पुढं आले. पोतं त्यांनी हातगाडीवर घालून आणलंच होतं. "मगदूम सर, आपल्यात ताक उसनं देतोय, विरजन उसनं देतोय, लग्नात पातेली उसनी देतोय. मग गडी काय उसना देता येत न्हाय व्हय?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. आयुष्यात एवढ्या जोरात त्यांनी कधी टोपण लावलं नसेल.

"आमचे आज बारा आहेत, त्यांचे सहा," ते म्हणाले. "तीन आम्ही देतो. नऊ आणि नऊ. पंच, चालेल?"

"नियम काढायला गेलं तर लई हायत," पंच म्हणाले. "पन माझं डोळं सकाळपासनं चुरचुरायलेत. मी आज काय वाचत न्हाय. खेळा."

"मगदूम, वेडे झालात का?" प्राचार्य ओरडले. "हातातला विजय!"

सरांनी तिकडं लक्षच दिलं नाही. प्रश्न होता, द्यायचं कुणाला? पोरं म्हणाली, कच्ची तीन द्या, चालतंय की. पण सरांना रत्नाबाईंचा आवाज आठवला. लहानपणी शेजारी तांदूळ उसने द्यायला निघालं की आई बजावायची, "उसनं देताना चांगलं द्यावं जिन्या. खड्याचे तांदूळ आपण खावेत." सरांनी आपला सगळ्यात चांगला दाणा निवडला.

"अमरेश, आणखी दोघांना घेऊन तू तिकडं जा."

अमरेशचं तोंड एवढंसं झालं. "सर, मी? आनि गोल करायची पाळी आली तर?"

"तर करायचा. उसनं दिलेलं दूध पातळ करून देत नाहीत."

मग जो खेळ झाला! निकालाचा धाक दोन्हीकडं नव्हता. धाक असलाच तर तो एकट्या सरांना होता, आणि तेही थोड्या वेळानं विसरले. "अर्धी पोरं हिकडची तिकडं गेल्यात" ही बातमी कट्ट्यांवर पोचली आणि माणसं मास्क बांधून, गळ्यात पुरचुंड्या घालून धावत आली. ज्ञानू अमरेशला अडवायचा आणि उठवताना "लागलं न्हाय न्हवं, भावा?" असं विचारायचा. सर कडेनं दोन्ही संघांना सूचना देत होते. कुणाला काय सांगतोय याचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

शेवटची दोन मिनिटं. शून्य-शून्य. शिवप्रसादनं चेंडू वर मारला, अमरेशनं तो छातीवर घेतला, ज्ञानूला चुकवलं आणि डाव्या पायानं असा मारला की आकाराम बिचारा उजवीकडं आडवा पडला होता आणि चेंडू डावीकडून जाळ्यात.

सगळं मैदान गप्प. अमरेशनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. पूर्ण हंगामात आपल्या पोरानं केलेला एकमेव गोल, आणि तोही आपल्यावरच!

आणि त्या शांततेत बहात्तर वर्षांचे रुद्राप्पा हातगाडीवर चढले. "अमरेऽऽश! माझ्या राजा! गोल झाला रे, गोल!" असं ओरडत त्यांनी पोत्याची शिवण फाडली. अमरेश "अज्जा!" म्हणून धावला आणि पहिली ओंजळ त्याच्याच डोक्यावर पडली. मग काय, विचारायलाच नको. पंचांनी शेवटची शिट्टी मारली ती गुलाबी ढगाच्या आतून. हरलेले कोण, जिंकलेले कोण, आईलासुद्धा ओळखू येईनात. सगळं मैदान नाचत होतं आणि शिंकत होतं. कुठूनशी हलगी आली. आरोग्यसेविका धावत आल्या, एवढ्या शिंका बघून डोक्याला हात लावला आणि त्यांनाही गुलाल लागला.

पोरांनी मगदूम सरांना खांद्यावर घेतलं. मग कुणाला तरी पांढरा सफारी दिसला. म्हणजे एव्हाना तो पांढरा उरला नव्हता. प्राचार्यही उचलले गेले. त्यांना आयुष्यात कुणी उचललं नसावं. त्यांनी हलगीवाल्याचे केस धरून ठेवले.

"सर, मैदान ऱ्हानार का?" खालून कुणीतरी विचारलं.

"आधी खाली उतरवा!"

"आधी सांगा!"

"राहील! राहील! अहो, कायमचं राहील!"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मगदूम सरांना बोलावलं. त्यांचे कान अजून गुलाबी होते. "हे बघा मगदूम, काल मी जे बोललो ते घाबरून बोललो. अट अट असते. किती सामने जिंकलात?"

"एकही नाही."

"मग ती मिरवणूक कसली होती?"

"हरल्याची, सर."

प्राचार्य काही बोलणार, तोच शिपायानं वर्तमानपत्र आणून ठेवलं. पहिल्याच पानावर फोटो, खांद्यावर प्राचार्य, एक हात वर, दुसरा हलगीवाल्याच्या केसांत. खाली ठळक अक्षरांत, 'मैदान कायमचं राहील: प्राचार्यांची घोषणा.' प्राचार्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. एकवीस वर्षांच्या नोकरीत पेपरात फोटो पहिल्यांदाच आला होता.

"बरा आलाय नाही?" ते म्हणाले. "सराव पुढच्या वर्षी जरा लवकर सुरू करा."

सरांनी हंगामाचा अहवाल लिहिला. खेळलेले सामने सहा, जिंकलेले शून्य, केलेले गोल शून्य. शेरा या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'लई भारी.' मग प्राध्यापकाला शोभत नाही म्हणून खोडलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

संध्याकाळी ते मैदानावर गेले. पोरांनी चपला काढल्या. सर सवयीनं खाली बसायला लागले, तर अमरेश म्हणाला, "चपला आज अज्जा राखतोय, सर. तुमी या."

"मी? अरे, मला कुठं..."

ज्ञानूनं चेंडू त्यांच्यासमोर आणून ठेवला. सगळे बघत होते. सरांनी धोतर... नव्हे, पँट गुडघ्याशी वर ओढली, चार पावलं मागं गेले, धावत आले आणि जीव खाऊन लाथ मारली. चेंडू जिथल्या तिथं राहिला. पायातली कोल्हापुरी मात्र करकरत उडाली, ज्ञानूच्या डोक्यावरून गेली आणि सरळ गोलात जाऊन पडली.

आकारामनं तीही अडवली नाही.

"गोऽऽल!" रुद्राप्पा चपलांच्या ढिगातून ओरडले, आणि एका पायात चप्पल घातलेले मगदूम सर दोन्ही हात वर करून मैदानभर पळत सुटले.